सगळ्यांना होणारा त्रास कुणीच का मिटवत नाही?

मध्यरात्र उलटली तरी न थांबणारा गोंगाट, पदपथ अडवून उभी केलेली वाहने, कित्येक दिवस बंद असलेला रस्त्यावरचा दिवा, रिकाम्या भूखंडावर साचत जाणारा कचरा, आतल्या रस्त्यावरूनही सुसाट जाणाऱ्या गाड्या. शहरातल्या कोणत्याही वस्तीत राहणाऱ्या माणसाला यातले निदान दोन-तीन त्रास ओळखीचे वाटतील. यांपैकी एकही गोष्ट बातमी व्हावी इतकी मोठी नसते, आणि यांचा खरा अवघडपणा तिथेच आहे. मोठी आपत्ती आली की यंत्रणा हलते, निधी मिळतो, लोक रस्त्यावर उतरतात. रोजचा लहान त्रास मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत वरच्या क्रमांकावर येत नाही. शिवाय त्याची जबाबदारी अनेक कार्यालयांत विभागलेली असते. दिव्याचा खांब एका विभागाचा, वीजपुरवठा दुसऱ्या संस्थेचा आणि दिव्यावर आलेली झाडाची फांदी तिसऱ्याच खात्याची असेल, तर अंधार नेमका कोणी दूर करायचा हा प्रश्न तांत्रिक न राहता प्रशासकीय होतो.

अशा त्रासांकडे आपण सहसा गैरसोय म्हणून पाहतो. त्यांचा आणखी एक परिणाम असतो आणि तो अधिक गंभीर आहे: ज्या शेजारसंबंधांच्या बळावर हा त्रास दूर करता आला असता, ते संबंधच हा त्रास हळूहळू कमकुवत करतो. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६९ च्या सुमारास नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला एक अभ्यास या संदर्भात आजही सांगितला जातो. दिसायला बरेचसे सारखे, पण वाहतुकीचे प्रमाण वेगवेगळे असलेले तीन रस्ते त्यांनी निवडले. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, तर सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावरून सुमारे १६,०००. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहा ओळखीची माणसे होती. वर्दळीच्या रस्त्यावर मित्रांची सरासरी एकाहूनही कमी भरली आणि ओळखीची माणसे तीन.

याहून बोलका भाग नकाशांचा होता. ‘तुमचे घर कुठून कुठपर्यंत आहे असे तुम्हाला वाटते’ असे विचारल्यावर शांत रस्त्यावरच्या लोकांनी जवळजवळ सगळा रस्ता आपला म्हणून दाखवला, तर वर्दळीच्या रस्त्यावरच्या लोकांची सीमा आपल्या इमारतीपाशी, कधी कधी तर घराच्या दारापाशीच संपली. अभ्यास लहान होता आणि मुलाबाळांची कुटुंबे गोंगाटाच्या रस्त्यावरून आधीच निघून गेली असण्याचाही त्यात वाटा असू शकतो, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही पुढे ब्रिस्टलमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा चित्र याच दिशेचे निघाले. जो माणूस रस्त्याला आपला मानत नाही, तो त्या रस्त्यासाठी अर्ज लिहायला बसेल अशी अपेक्षा कशी करायची?

आता दुसरा प्रश्न. शेजारसंबंध अगदीच तुटलेले नाहीत, त्रास सगळ्यांना होतो आहे, आणि तरीही कुणी पुढे येत नाही, असे का होते? ‘लोक उदासीन आहेत’ हे याचे सर्वांत सोपे आणि बहुधा सर्वांत चुकीचे उत्तर आहे. अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली मांडलेला युक्तिवाद असा: एखाद्या कृतीचा लाभ सगळ्यांना सारखाच मिळणार असेल आणि तिचे कष्ट मात्र ती करणाऱ्यालाच पडणार असतील, तर शहाणा माणूस दुसऱ्याने ती करावी म्हणून थांबतो. रस्ता शांत झाला तर तो शंभर घरांसाठी शांत होतो, पण कार्यालयाच्या फेऱ्या एकालाच माराव्या लागतात. उलट, त्या गोंगाटातून ज्याला उत्पन्न मिळते त्याचा फायदा एकवटलेला असतो, त्यामुळे तो आपली बाजू मांडायला वेळही काढतो आणि पैसाही. शंभर जणांचा थोडा थोडा तोटा एकाच्या मोठ्या फायद्यापुढे हरतो, यात कुणाच्या चारित्र्याचा दोष असतोच असे नाही.

याच्या जोडीला एक मानसशास्त्रीय अडचण येते. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, लोक प्रश्नावली भरत बसलेल्या खोलीत भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत माणूस एकटा असताना ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन धुराची वर्दी दिली. सोबत दोन अनोळखी माणसे असतील आणि ती मुद्दाम काहीच घडत नसल्यासारखी बसून राहणार असतील, तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. इतर शांत आहेत म्हणजे फारसे काही नसावे, असा अर्थ प्रत्येक जण काढत राहतो. वस्तीत हेच रोज घडते, फक्त तिथे शेजारी मुद्दाम गप्प बसलेले नसतात. तेही आपल्याकडेच पाहत असतात. ‘एवढी घरे आहेत, कुणीतरी तक्रार केलीच असेल’ असे प्रत्येकाने म्हटले, तर कार्यालयातल्या नोंदवहीत एकही तक्रार नसते आणि अधिकारी पूर्ण प्रामाणिकपणे सांगू शकतो की त्या भागातून काहीच आलेले नाही.

मग काही वस्त्यांमध्ये लोक पुढे येतात ते कशामुळे? या प्रश्नावरचे सर्वांत भक्कम काम शिकागोत झाले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या ३४३ भागांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. तुमचे शेजाऱ्यांशी किती सख्य आहे एवढ्यावरच त्यांचा प्रश्न थांबत नव्हता. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील, कुणी भिंत रंगवून विद्रूप करत असेल, जवळचे अग्निशमन केंद्र बंद होणार असेल, तर तुमचे शेजारी काही करतील असे तुम्हाला वाटते का, असे त्यांनी विचारले. ज्या भागांत या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारे आणि एकमेकांवर विश्वास असलेले लोक जास्त होते, तिथे हिंसाचार कमी होता, आणि गरिबीसारखे घटक हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

या निष्कर्षातली बारीक गोष्ट माझ्या मते सर्वांत उपयोगाची आहे. सगळ्यांनी एकमेकांचे जिवलग मित्र व्हावे लागत नाही. गरज असते ती ‘वेळ आली तर हे लोक उभे राहतील’ या अपेक्षेची. अशी अपेक्षा भाषणांनी तयार होत नाही. एकदा कुणीतरी उभे राहिले आणि त्यातून थोडेसे का होईना काही निष्पन्न झाले, तर ती तयार होते. म्हणूनच अनुभवी कार्यकर्ते सुरुवातीला सर्वांत मोठा प्रश्न हाती न घेता महिन्याभरात सुटू शकेल असा एखादा लहान प्रश्न निवडतात. बंद दिवा लागला की रस्त्यावर उजेड पडतोच, शिवाय पुढच्या बैठकीला चार माणसे जास्त येतात.

मात्र त्रास जाणवणे आणि त्रासाची तक्रार होणे यांत मोठे अंतर आहे. ‘इथे फार गोंगाट असतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कशाचा आवाज, आणि त्याला लागू होणारा नियम कोणता, हे सांगितले की त्या वाक्याचे प्रकरण होते. पंधरा-वीस घरांनी दोन आठवडे आपापल्या परीने ठेवलेली अशी नोंद एका संतप्त, लांबलचक पत्रापेक्षा कितीतरी वजनदार ठरते. त्याआधी, हा अधिकार कोणत्या कार्यालयाकडे आहे, हे शोधण्यात घालवलेला वेळही वाया जात नाही, कारण चुकीच्या दारावर केलेली तक्रार बहुतेक वेळा पुढे सरकत नाही. तिथेच पडून राहते. तक्रारीचा क्रमांक मिळवणे, तारीख लिहून ठेवणे आणि ठरावीक मुदतीनंतर त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन विचारणे, ही कामे कंटाळवाणी आहेत. पण चिकाटीची बहुतेक प्रकरणे याच कंटाळवाण्या कामांवर उभी असतात.

आवाजाच्या बाबतीत थोडे मोजमाप समजून घेणे आवश्यक ठरते, कारण तिथे आकडे फसवे असतात. डेसिबल हे माप साध्या बेरजेने चालत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. ऊर्जा निम्मी झाली तर आकडा जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की रस्त्यावरची वाहने निम्मी केली, तरी रहिवाशांना सरासरी आवाजात फारसा फरक जाणवणार नाही. दुसरी अडचण सरासरीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस आहे. झोप मात्र सरासरीने मोडत नाही. ती रात्री दोन वाजता गेलेल्या एका दुचाकीच्या फटफटाटाने मोडते. त्यामुळे मोजणीचा अहवाल हाती आला की त्यात केवळ सरासरी आहे की कमाल पातळी आणि तिची वेळही आहे, हे रहिवाशांनी विचारायलाच हवे.

मोजमाप आणि सामूहिक कृती एकत्र आल्यावर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कमधल्या एका प्राथमिक शाळेचे आहे. मॅनहॅटनच्या उत्तर भागातल्या या शाळेच्या एका बाजूला उन्नत मार्गावरून रेल्वेगाड्या जात. गाडी आली की त्या बाजूच्या वर्गांत शिकवणे थांबे, गाडी गेली की पुन्हा सुरू होई. पालक वैतागले होते, पण वैताग हा पुरावा होत नाही. पर्यावरण-मानसशास्त्राच्या अभ्यासक अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांच्या बाजूच्या आणि विरुद्ध, शांत बाजूच्या वर्गांतल्या मुलांच्या वाचनाच्या गुणांची तुलना केली. इमारत तीच, शिक्षणक्रम तोच, वस्तीही तीच. फरक होता तो खिडकीबाहेरच्या आवाजाचा. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे आढळली, आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचे झालेले दिसले.

या निष्कर्षानंतर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ‘आम्हाला आवाजाचा त्रास होतो’ या विधानावर दुर्लक्ष करता येते. ‘आमची मुले एक वर्ष मागे पडत आहेत’ हे विधान तसे बाजूला सारता येत नाही. पाठपुरावा झाला, वृत्तपत्रांनी लक्ष घातले आणि अखेर रेल्वे प्रशासनाने रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, तर शिक्षण मंडळाने वर्गांना ध्वनिशोषक छत करून दिले. ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा मोजणी केली आणि १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक नाहीसा झाला होता. या प्रकरणात मला दुसरी मोजणी पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. उपाय झाल्यानंतर तो खरोखर लागू पडला का, हे तपासायला फार थोडे गट थांबतात. ती तपासणी झाली, म्हणून पुढे इतर ठिकाणच्या लोकांना आपल्या मागणीसाठी हे उदाहरण पुढे करता आले.

त्रासाचा आणखी एक पैलू प्रयोगशाळेत दिसून आला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत काही लोकांना अचानक आणि अनियमितपणे होणारा मोठा आवाज ऐकवला. त्यांतल्या काहींच्या हाताशी एक बटण दिले: अगदी असह्य झाले तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात, म्हणजे न सुटणारी कोडी चिकाटीने सोडवत राहण्यात किंवा मजकुरातल्या चुका शोधण्यात, ते बटण नसलेल्यांपेक्षा सरस ठरले. आवाज दोघांनीही तेवढाच ऐकला होता. आपल्या हातात काहीतरी आहे, या जाणिवेनेच त्याचा भार कमी झाला. रात्रीचे काम करण्यापूर्वी बांधकाम कंपनीने आठवडाभर आधी वेळा कळवल्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक दिला, तर तोच आवाज लोक जास्त सोसतात, यामागचे कारण हेच असावे. याचा गैरवापरही होतो, हे खरे. खोटे बटण देऊन लोकांना शांत बसवणाऱ्या सुनावण्या कमी नसतात.

उपायांकडे वळताना बहुतेक बैठकींत पहिली मागणी कारवाईची असते: दंड करा, गाड्या उचला, गस्त वाढवा. ती चुकीची नाही, पण तिचा परिणाम कारवाई चालू असेपर्यंतच टिकतो. जागेची रचना बदलली तर परिणाम माणसांच्या हजेरीवर अवलंबून राहत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी आपल्या रस्त्यांवरून वेगाने जाणाऱ्या गाड्यांना कंटाळून फरसबंदीचे काही भाग स्वतःच उखडले आणि रस्त्याला वळणे दिली, जेणेकरून सरळ सुसाट जाणे अशक्य व्हावे. कायद्याच्या दृष्टीने हे धाडसच होते. पालिकेने मात्र ती कल्पना उचलली, आणि १९७६ साली अशा ‘वस्तीच्या रस्त्यां’ना देशाच्या नियमांत स्थान मिळाले. फलक लावून जे साधत नव्हते ते झाडाच्या एका वाफ्याने आणि एका वळणाने साधले.

रचनेतला बदल खर्चिकच असतो असेही नाही. फिलाडेल्फिया शहरात पडीक भूखंडांवर केलेला प्रयोग त्यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे ५४१ भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागले. काहींवरचा कचरा काढून, जमीन सपाट करून, गवत आणि थोडी झाडे लावून भोवती कमी उंचीचे लाकडी कुंपण घातले. काहींवर फक्त सफाई केली. काहींना हात लावला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांमध्ये सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीच्या हिंसाचारात २९ टक्क्यांनी घट झाली. हिरवळ लावलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्या लोकांत खिन्न वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही लक्षणीयरीत्या उतरले. कुंपण कुणीही ओलांडू शकेल असेच ठेवले होते. त्याचे काम लोकांना अडवण्याचे नव्हते, या जागेकडे कुणाचे तरी लक्ष आहे हे सांगण्याचे होते. आणि लक्ष खरोखर होते, कारण या भूखंडांची देखभाल नियमितपणे होत राहिली.

इथपर्यंत सामूहिक कृतीचे चित्र निर्मळ दिसते, पण ते तसे नाही. वस्तीच्या नावाने बोलणारे लोक म्हणजे संपूर्ण वस्ती नव्हे. सायंकाळच्या बैठकीला ज्यांना वेळ असतो, ज्यांना अर्जाची भाषा येते, ज्यांना अधिकाऱ्यांची भीती वाटत नाही आणि ज्यांचे घर स्वतःच्या मालकीचे असते, त्यांचाच आवाज प्रामुख्याने पोहोचतो. भाडेकरू, पाळीत काम करणारे, नुकतेच आलेले लोक तिथे दिसत नाहीत. तंत्रज्ञानाने हा फरक आपोआप मिटत नाही. बॉस्टनमध्ये गाडीतल्या स्मार्टफोनला बसणाऱ्या हिसक्यांवरून खड्डे शोधणारे एक ॲप वापरात आले, तेव्हा ज्या भागांत स्मार्टफोन आणि गाड्या कमी, तिथले खड्डे त्याच्या नकाशात कमीच उमटणार, हे लवकरच ध्यानात आले. तक्रारींच्या संख्येवरून दुरुस्तीचा क्रम लावणाऱ्या प्रत्येक प्रशासनापुढे हाच धोका असतो: शांत दिसणारी वस्ती समाधानी असेलच असे नाही, तिने कदाचित आशा सोडलेली असते.

आणखी नाजूक बाब म्हणजे आपल्याला अव्यवस्था कुठे ‘दिसते’ ही. सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोतल्या रस्त्यांची प्रत्यक्ष चित्रफीत काढून तिथला कचरा, रंगवलेल्या भिंती वगैरे मोजले आणि ते रहिवाशांच्या मताशी ताडून पाहिले. प्रत्यक्ष अव्यवस्था सारखीच असली, तरी जिथे गरीब आणि कृष्णवर्णीय लोकांचे प्रमाण जास्त, तो भाग लोकांना अधिक अव्यवस्थित वाटत होता. हे २००४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मतांनाही लागू होते. त्यामुळे ‘वस्तीचा दर्जा’ या नावाखाली येणाऱ्या मागणीत, त्रास देणाऱ्या कृत्याविषयी किती आहे आणि नकोशा वाटणाऱ्या माणसांविषयी किती, हे वेगळे करून पाहणे ही त्या गटाचीच जबाबदारी ठरते. एक साधी कसोटी लावता येते: हेच कृत्य आपल्यातल्या कुणी केले असते, तर आपण तक्रार केली असती का? तसेच, आपल्या रस्त्यावरची वाहतूक वळवून शेजारच्या रस्त्यावर ढकलली, तर त्रास मिटलेला नसतो, त्याचा पत्ता बदललेला असतो. म्हणून त्या रस्त्यावरचे लोक पहिल्याच बैठकीला हवेत.

राहिला प्रश्न टिकून राहण्याचा. सामायिक जंगले, पाणी आणि कुरणे लोक पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही समान गोष्टी आढळल्या: नियम ठरवण्यात ते पाळणाऱ्यांचा सहभाग असतो, देखरेख करणारे स्वतः त्यातलेच असतात किंवा त्यांना उत्तरदायी असतात, वाद लवकर आणि स्वस्तात मिटवण्याची जागा असते, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते. वस्तीला हे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. रात्री उशिरापर्यंत गोंगाट करणाऱ्या घराशी आधी एकाने जाऊन बोलावे; नाही जमले तर चार जणांनी मिळून आणि लेखी कळवावे; तेही व्यर्थ गेले तर नोंदींसह कार्यालयात जावे. पहिल्याच दिवशी पोलीस बोलावले तर मधल्या सगळ्या पायऱ्या कायमच्या बंद होतात, आणि शेजारी मात्र तोच राहतो. नोंदी ठेवण्याचे, मुदत संपली की विचारण्याचे आणि तीन महिन्यांनी दिवा अजून लागतो का हे पाहण्याचे काम एकाच उत्साही माणसावर सोपवले, तर तो थकताच सगळे थांबते. म्हणून हे काम आळीपाळीने करावे आणि प्रत्येक पाळीची मुदत आधीच ठरवून टाकावी.